पंचवीस हजारांचा पट्टा घ्यावा का?

चार इंच रुंद, दहा मिलिमीटर जाड चामड्याचा पट्टा आणि त्याच्या टोकाला धातूचा एक खटका, बस्स, एवढीच वस्तू आहे. जड वजन उचलताना तो कमरेला बांधतात आणि जिममधे त्याला लिव्हर बेल्ट म्हणतात. किंमत आपल्याकडच्या कंपन्यांची घेतली तर साधारण तीन-चार हजारांपासून सुरू होते आणि परदेशातल्या नावाजलेल्या कंपनीचा मागवायचा म्हटलं की कस्टम्स, कुरिअर सगळं धरून वीस-पंचवीस हजारांच्या घरात जाते. एवढ्या पैशात नाशिकमधे बऱ्यापैकी जिमची वर्षाची फी भरून वर चांगले शूज येतात. म्हणून माझ्याबरोबर व्यायाम करणाऱ्या बायका, ऑफिसातली पोरं, शेजारच्या गल्लीतले होम जिम सुरू केलेले एक काका, सगळे एकच विचारतात, अगं खरंच घेण्यासारखा आहे का तो?

माझं उत्तर हो आहे. पण कुणी घ्यायचा आणि कशासाठी घ्यायचा हे नीट बोललं पाहिजे कारण दुकानात जे सांगून हा पट्टा विकतात ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

इंदिरानगरला आमच्या रो हाऊसची मागची खोली आहे, आधी तिथे अडगळ असायची, आता रॅक, बार, प्लेट्स आणि खाली जाड रबराच्या मॅट आहेत. मी तिथे स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक), बेंच (बाकावर उताणं पडून छातीवरून बार ढकलणं) आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलणं) करते, अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सचं काम करून आल्यावर संध्याकाळी. या तीन प्रकारांच्या खेळाला पॉवरलिफ्टिंग म्हणतात, त्याच्या स्पर्धेतही उतरते अधूनमधून. माझ्याकडे दोन पट्टे आहेत, एक आपल्याकडे बनलेला आणि एक बाहेरचा महागडा, दोन्ही भरपूर वापरलेत, त्यामुळे मी जे सांगतेय ते वापरून सांगतेय.

तर पहिली गोष्ट. हा पट्टा पाठीला आधार देत नाही, म्हणजे लोकांना वाटतं तसा देत नाही. लोकांना वाटतं मागून कंबर आवळली की मणके जागेवर राहतात. खरं काम पुढून, पोटाकडून होतं. जड बार खांद्यावर घेतला की आपण पोटात खोल श्वास भरतो आणि तो धरून ठेवतो, त्याने डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, खाली सरकतो आणि पोटाच्या भिंती सगळ्या बाजूंनी ताठ होतात, आत दाब तयार होतो आणि त्या दाबामुळे धड खांबासारखं घट्ट उभं राहतं. पट्टा काय करतो तर पोटाला बाहेर फुगताना ढकलायला एक भिंत देतो. तुम्ही ढकललंत तर तो उलटा ढकलतो आणि आतला दाब आणखी वाढतो, हे मोजून पाहिलेलं आहे. तुम्ही ढकललंच नाहीत, नुसता आवळून उभे राहिलात, तर पट्टा तीन हजारांचा असो की पंचवीस हजारांचा, त्याचा फारसा उपयोग नाही.

हे मी एवढं जोर देऊन सांगते कारण आपल्याकडे पट्टा म्हणजे दुखापतीपासून संरक्षण असा पक्का समज आहे. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी निओश नावाची सरकारी संस्था आहे, तिने १९९४ सालीच सांगितलं होतं की धडधाकट कामगारांनी इजा टाळण्यासाठी कमरेचे पट्टे वापरावेत अशी शिफारस आम्ही करत नाही. मग २००० साली तिथल्या एका मोठ्या दुकानांच्या साखळीतल्या माल उचलणाऱ्या नऊ हजारांहून जास्त कामगारांचा अभ्यास आला, त्यात रोज पट्टा घालणारे आणि कधीमधी घालणारे किंवा अजिबात न घालणारे यांच्या पाठदुखीत, दुखापतीच्या क्लेममधे फरक दिसला नाही. ते पट्टे वेगळे, मऊ इलॅस्टिकचे, दिवसभर घालायचे, आणि आपला जाड चामड्याचा, एका सेटपुरता घालायचा. तरी त्यातलं सांगणं महत्त्वाचं आहे की पट्ट्याच्या भरवशावर चुकीच्या पद्धतीने उचललं तर पट्टा वाचवायला येत नाही.

लासलगावला कांद्याच्या मार्केटात किंवा आपल्या पंचवटीच्या मार्केट यार्डात सकाळी जाऊन उभं राहा. हमाल पन्नास-पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतात आणि कितीतरी जणांच्या कमरेला उपरणं किंवा जुन्या कापडाची पट्टी करकचून बांधलेली असते. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं पण गोणी अंगावर घेण्याआधी क्षणभर श्वास धरतात ते बघा, तेच आपण रॅकसमोर करतो. मला त्यांच्याबद्दल फार वाटतं, कारण आपण आठवड्यातून काही तास हौसेने जे करतो ते ते पोटासाठी दिवसभर करतात, तेही कुणी सेट मोजत नाही की मधे विश्रांती देत नाही. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांचा लढा होता, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मधेच सांगितलं होतं की पुरुष कामगाराने हाताने वाहायचं ओझं ५५ किलोच्या वर नसावं. तरी वयाच्या चाळिशीत गुडघे आणि कंबर गेलेले हमाल आपल्या जिल्ह्यात गावोगाव दिसतात. त्यांची कमरेची पट्टी त्यांना वाचवू शकली नाही. ज्यांना वाटतं महागडा बेल्ट घेतला की आपली कंबर सेफ झाली त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तालमीत पैलवान लंगोट कसतात त्यातही बांधलेपणाची तीच भावना आहे असं मला वाटतं, अर्थात तिथे इतरही कारणं आहेत. आणि बायकांना तर हे सगळ्यात जास्त माहितीचं आहे. माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी सुती साडीची लांब पट्टी करून माझं पोट बांधलं होतं, रोज अंघोळ-शेक झाल्यावर, मी उताणी पडलेली आणि त्या गुडघ्यावर बसून एकेक वेढा घालत. बरं वाटायचं, खरंच बरं वाटायचं, सगळं सैल झालेलं कुणीतरी धरून ठेवल्यासारखं.

पण इथे मला एक गोष्ट मोकळेपणाने लिहायचीय कारण मराठीत यावर कुणी फारसं बोलत नाही. पोट चारी बाजूंनी आवळलं आणि आत दाब वाढवला की तो दाब खालीही जातो, ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू आहेत त्यांच्यावर. बाळंतपणात ते स्नायू ताणलेले असतात. कितीतरी बायकांना खोकताना, शिंकताना, उडी मारताना थेंबभर लघवी होते आणि त्या कुणाला सांगत नाहीत, आणि जड स्क्वॉट करताना तसं झालं की लाजेने व्यायामच सोडून देतात. सोडू नका. पण पट्टा बांधण्याआधी त्या स्नायूंना श्वासाबरोबर आवळायला शिका, पोटाचे मधले स्नायू बाळंतपणानंतर फाकलेत का ते एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या, नाशिकमधे या विषयातल्या चांगल्या फिजिओ आता आहेत. अंग खालून ओढल्यासारखं, जड वाटत असेल तर आधी गायनॅकला दाखवा. आणि ज्यांना बीपी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्वास धरून जड उचलूच नये. कॅनडात १९८५ साली बॉडीबिल्डर लोकांच्या धमनीत सुई घालून लेग प्रेस, म्हणजे मशीनवर पायांनी जड वजन ढकलणं, करताना बीपी मोजलं होतं, सरासरी ३२०/२५० आलं आणि एकाचं तर ४८०/३५० च्या वर गेलं. ही धडधाकट तरुण माणसं होती. काही क्षणांसाठीच जातं आणि लगेच खाली येतं, तरी आकडा बघून माणूस जागा होतो.

एवढं सगळं पक्कं झालं की मग महागड्या पट्ट्याचं बोलू.

पैसे नक्की कशाचे लागतात हे मला दोन माणसांनी दाखवलं. एक म्हणजे जुन्या नाशकात बॅगा आणि चपला शिवणारे एक काका, भद्रकालीच्या बाजूला बसतात. मी दोन्ही पट्टे त्यांच्याकडे घेऊन गेले होते, आपल्याकडच्या पट्ट्याची एका ठिकाणी शिवण उसवली होती म्हणून. काका आधी काहीच बोलले नाहीत, त्यांनी पट्ट्याची कड बघितली, नखाने दाबली, वाकवून बघितला. म्हणाले, "ताई, हा एक थर नाहीये, मधे दोन पातळ थर चिकटवलेत आणि वरून शिवलंय, सोल आम्ही चिकटवतो ना तसं. हा दुसरा मात्र बघा, मधे अख्खं चामडं आहे." कड बघायची हे मला तेव्हापासून कळलं. चामडं चिकटवलेलं असणं म्हणजे लगेच वाईट नाही, चांगलं चिकटवलेलं वर्षानुवर्षं चालतं, पण आतला थर जर चामड्याच्या भुश्याचा किंवा पुठ्ठ्यासारखा असेल तर तो घामाने मऊ पडतो आणि मग पोटाने ढकललं की भिंतच मागे सरकते. सगळा खेळ ताठपणाचा आहे.

दुसरा माझा मावसभाऊ, सातपूरला त्याचं मशिनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. त्याने व्हर्नियर घेऊन जाडी मोजली, एकदा नाही, पट्ट्याच्या सगळ्या लांबीवर. महागड्यात जाडी सगळीकडे जवळपास सारखी, स्वस्तातल्यात मधे कमी, टोकाला जास्त. मग तो खटका हातात घेऊन बसला तर बसलाच. "हे झिंकचं कास्टिंग आहे," स्वस्तातल्याकडे बघत म्हणाला, "इथे जिथे हा दात पट्ट्याला धरतो ना, तिथे सगळा लोड येतो. कास्टिंगमधे आत पोकळी राहिली असेल तर एक दिवस फट्कन जाईल. आणि हे स्टील आहे, हे कातलेलं आहे, कड मारलेली आहे." त्याचं म्हणणं असं की स्टीलचा खटका सातपूर-अंबडमधे कुणीही सहज करून देईल, त्यात काही आकाशातून पडलेलं तंत्रज्ञान नाही, आणि मला ते पटतं. आता आपल्याकडच्या काही कंपन्या स्टीलचे खटके द्यायला लागल्यात आणि सहा-सात हजारांच्या आसपास खरंच चांगला पट्टा मिळतो. तीन हजार आणि सात हजार यात जेवढा फरक आहे तेवढा सात हजार आणि पंचवीस हजार यात नाही. हे माझं स्पष्ट मत आहे.

मग वरचे अठरा हजार कशाचे? थोडे नावाचे, थोडे आयातीचे, आणि थोडे खरोखरच्या कामाचे. काही परदेशी पट्ट्यांत सरकता खटका असतो, म्हणजे स्क्रूड्रायव्हर न घेता तो पुढेमागे करता येतो. साध्या लिव्हरला हे जमत नाही, त्याचे स्क्रू काढून दुसऱ्या भोकात बसवावे लागतात. तुम्हाला वाटेल यात काय एवढं, पण कंबर रोज सारखी नसते हो. चतुर्थीचा उपास असेल त्या संध्याकाळी माझा पट्टा ढगळ होतो आणि रविवारी सकाळी सगळे मिळून मिसळ खाऊन आलो की तोच पट्टा लागता लागत नाही. बायकांचं पाळीच्या आधी पोट फुगतं ते वेगळंच. डेडलिफ्टला पट्टा जरा वर आणि जरा सैल लागतो, स्क्वॉटला घट्ट. बकलवाला साधा पट्टा असेल तर एक भोक पुढे, एक भोक मागे, झालं काम, पण तो घट्ट लावायला रॅकच्या खांबाला धरून ओढावं लागतं आणि सेट संपल्यावर काढायला जीव जातो. लिव्हर एका झटक्यात लागतो आणि एका झटक्यात सुटतो, आणि दर वेळी अगदी तेवढाच घट्ट. ही दर वेळी तेवढाच ही गोष्ट मला पैशाची वाटते. स्पर्धेत बार तयार झाल्याचं पुकारलं की एका मिनिटात सुरुवात करावी लागते, तिथे पट्टा किती घट्ट झालाय याचा विचार डोक्यात नको असतो.

जाडीबद्दल मात्र सगळे फसतात. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग फेडरेशनच्या नियमात पट्टा जास्तीत जास्त १० सेंटिमीटर रुंद आणि १३ मिलिमीटर जाड चालतो, म्हणून लोकांना वाटतं तेराचा म्हणजे बेस्ट. ती कमाल मर्यादा आहे, सल्ला नाही. तेराचा पट्टा नवीन असताना लाकडाच्या फळीसारखा असतो आणि बारीक चणीच्या माणसाच्या बरगडीला आणि कमरेच्या हाडाला असा लागतो की काळे-निळे डाग पडतात. माझी उंची पाच फूट एक इंच, बरगडी आणि कमरेचं हाड यात जागाच किती, मला दहा मिलिमीटर पुरेसा आहे आणि बहुतेक बायकांना पुरेसा आहे. खरं तर खूप जणींना साडेसात सेंटिमीटर रुंदीचा हवा असतो. वेटलिफ्टिंगचं गणित आणखी वेगळं, आपल्या जिल्ह्यातल्या मनमाडच्या मुली स्नॅच आणि क्लीन अँड जर्क करतात, म्हणजे बार जमिनीवरून थेट डोक्यावर किंवा आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेतात, बार अंगाला घासत वर जातो, त्यात हा जाड लिव्हर मधे येतो. त्यांचे पट्टे मऊ आणि पुढून अरुंद असतात आणि ते स्वस्तातही चांगले मिळतात. म्हणजे तुम्ही काय उचलता हे न बघता पट्टा घेऊच नका.

आणि नाशिकचा पावसाळा. जुलै-ऑगस्टमधे आमच्या मागच्या खोलीत भिंती ओल धरतात आणि चामड्यावर पांढरी बुरशी यायला वेळ लागत नाही. घाम आलेला पट्टा बॅगेत कोंबून ठेवायचा नाही, खुंटीला टांगायचा, हवा लागेल असा, उन्हात मात्र वाळवायचा नाही कारण तडे जातात. बुरशी आली तर कोरड्या ब्रशने झाडून मग किंचित ओलसर फडक्याने पुसायची. तेल लावायचा मोह आवरा, फार तेल लावलं की चामडं मऊ होतं आणि ज्या ताठपणाचे पैसे मोजले तोच जातो. खटक्याचे स्क्रू दर महिन्याला एकदा आवळून बघायचे, मावसभावाने माझ्या स्क्रूंना लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लावून दिलाय तेव्हापासून ते हलले नाहीत. नवीन पट्टा गोल गुंडाळायचा, सोडायचा, उलटा गुंडाळायचा, टीव्ही बघत बघत, काही आठवड्यांत तो अंगाच्या गोलाईवर येतो.

महागडा पट्टा घरी आला तेव्हा सासूबाईंना किंमत सांगायची वेळ आलीच. मी खरी किंमत सांगितली. त्या रागावल्या नाहीत, हातात घेतला, वजन बघितलं, आणि विचारलं, "अगं, टिकेल किती वर्षं?"

मी म्हटलं, "अहो आई, नीट ठेवला तर मी म्हातारी होईपर्यंत."

"मग ठीक आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांनी लग्नानंतर तांबट लेनमधून घेतलेला तांब्याचा हंडा अजून आमच्या स्वयंपाकघरात रोज वापरात आहे, दोनदा कल्हई-ठोकाई करून, आणि त्या वस्तू अशाच मापाने मोजतात. मला ते माप योग्य वाटतं. होम जिममधल्या बहुतेक गोष्टी या मापात बसत नाहीत. ॲपवाले पट्टे, व्हायब्रेशनवाल्या गन, स्क्रीन लावलेली यंत्रं, बॅटरी गेली किंवा कंपनीने ॲप बंद केलं की संपलं. चांगला चामड्याचा पट्टा, चांगला बार आणि लोखंडी प्लेट्स या तीन गोष्टी पुढच्या पिढीला देता येतात. पंचवीस हजार वीस वर्षांवर पसरले तर महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये होतात, पण हा हिशोब फक्त त्याच्यासाठी खरा आहे जो वीस वर्षं उचलणार आहे. ज्याला अजून तीन महिने सलग जमलेलं नाही त्याने तो करू नये.

म्हणून माझा क्रम असा. आधी शिकवणारा माणूस, मग सरळ आणि चांगल्या पकडीचा बार, मग खालची मॅट आणि सुरक्षित रॅक, मग सपाट तळाचे शूज. पट्टा त्यानंतर, स्वतःच्या वजनाएवढा स्क्वॉट पट्ट्याशिवाय नीट होतो तेव्हा. आणि तेव्हाही आधी सहा-सात हजारांचा, दहा मिलिमीटरचा, स्टीलच्या खटक्याचा. पंचवीस हजारांचा तेव्हाच, जेव्हा तुम्ही स्पर्धेत उतरताय आणि तिथे मान्यताप्राप्त यादीतलंच साहित्य चालतं, किंवा वर्षानुवर्षं रोज पट्टा लावून तुम्हाला त्या सरकत्या खटक्याची खरी किंमत कळलीय. मी दुसऱ्या कारणासाठी घेतला आणि परत घ्यायची वेळ आली तर परत घेईन.

गेल्या महिन्यापासून सिडकोतली एक कॉलेजची मुलगी माझ्याकडे शनिवारी येते. वडील रिक्षा चालवतात, हिच्या अंगात जोर असा आहे की बघत राहावं, डेडलिफ्टला पाठ एकदम सपाट, कुणी न शिकवता. तिने घाबरत विचारलं, ताई पट्टा नाही घेतला तर पुढे जाता येणार नाही का? मी सांगितलं की आत्ता लागतच नाही, श्वास शीक, पट्टा मी देईन तेव्हा. माझा तिला होणार नाही, कंबर चोवीस इंच आहे तिची आणि माझ्या पट्ट्याची भोकं तिथपर्यंत जातच नाहीत. तिला साडेसात सेंटिमीटरचा, सगळ्यात लहान मापाचा लागेल, तो आपल्याकडे चटकन मिळत नाही. भद्रकालीच्या काकांना विचारलंय, अख्खं चामडं ते आणायला तयार आहेत, खटका मावसभाऊ करून देतो म्हणतोय, दिवाळीच्या आधी बघू किती पडतो ते.